जमा पहिल्या तारखेला, खर्च सवडीने

आपल्या सरकारला हिशेब येत नाही असं ज्याला वाटतं, त्याने महिन्याच्या पहिल्या तारखेला जीएसटीचा आकडा पाहावा. इचलकरंजीच्या सूतवाल्यापासून गुवाहाटीच्या चहावाल्यापर्यंत सगळ्यांकडून आदल्या महिन्यात किती कर आला, त्यात केंद्राचा किती, राज्यांचा किती, आयातीवरचा किती, परतावे किती गेले, गेल्या वर्षीच्या याच महिन्यापेक्षा किती टक्के वाढ झाली, हे सगळं तयार असतं. महिना संपून धड चोवीस तासही झालेले नसतात. जुन्या पेढीवरच्या मुनीमजींनी कान पकडावेत असा हा कारभार आहे. आता तोच पैसा तिजोरीतून बाहेर कसा पडला, कुणाच्या हाती गेला आणि त्याचं पुढे काय झालं, ते विचारून पाहा. इथे कालगणनाच बदलते. महिन्यांचा हिशेब वर्षांवर जातो, वर्षांचा विधानसभेच्या मुदतीवर, आणि उत्तर येतं तोवर ज्याला विचारायचं तो साहेब निवृत्त होऊन नातवाला बागेत फिरवत असतो. या प्रकाराला आपण सरकारी आळस म्हणतो. माझ्या मते हा आळसावर अन्याय आहे. आळस सरसकट असतो. जमेच्या बाजूला हात न लावता नेमकं खर्चाच्या बाजूला गाठणारा आळस निसर्गात आढळत नाही.

पैशाचा प्रवास थोडक्यात असा. अर्थसंकल्प मंजूर होतो, वर्षभर पुरवणी मागण्या येत राहतात आणि मार्चअखेर कोषागारांत देयकांचा पूर लोटतो. ज्या खात्याला अकरा महिने खर्चाला वाव सापडत नाही, त्याला शेवटच्या आठवड्यात इतके वाव सापडतात की निधी कमी पडतो. या देयकांची प्रमाणकं मग महालेखापालांकडे जातात. महाराष्ट्रात त्यांची कार्यालयं मुंबई आणि नागपूर अशी दोन ठिकाणी आहेत. तिथे वित्त लेखे आणि विनियोजन लेखे तयार होतात, लेखापरीक्षण होतं, आक्षेप निघतात, खात्यांकडून उत्तरं मागवली जातात, आणि शेवटी भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक, म्हणजे बोलीतली ‘कॅग’, आपला अहवाल राज्यपालांना सादर करते. घटनेचा अनुच्छेद १५१ सांगतो की राज्यपालांनी हा अहवाल विधिमंडळापुढे ठेववून घ्यायचा. कधीपर्यंत, ते सांगत नाही. ज्या अधिकाऱ्याला डॉ. आंबेडकरांनी घटना समितीत राज्यघटनेतला बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी म्हटलं, त्याचा अहवाल सभागृहात पोचण्याला एका दिवसाचीही मुदत नाही. घटनाकारांचा यात दोष नाही. अहवाल हाती आला की सरकार तो सभागृहात ठेवील, यात त्यांना शंका घ्यावीशी वाटली नसावी. सज्जन माणसं कायदे करतात तेव्हा अशा फटी राहतातच.

मधल्या काळात त्या अहवालाची अवस्था मोठी चमत्कारिक असते. तो लिहून झालेला असतो, सही झालेली असते, छापून बांधलेलाही असतो. पण पटलावर येईपर्यंत तो गोपनीय. ज्याने लिहिला त्याला बोलता येत नाही आणि ज्यांच्याविषयी लिहिला त्यांच्याच ताब्यात तो राहतो. दिल्लीत असे थोडेथोडके नाहीत, चौदा अहवाल साठले होते. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने या चालढकलीमुळे सरकारच्या हेतूविषयीच शंका येते असं सुनावलं, मात्र त्यासाठी विधानसभेची खास बैठक बोलवायचा आदेश द्यायला नकार दिला. हे सरकार ज्या पक्षाचं, तो भ्रष्टाचारविरोधी आंदोलनाच्या मांडवातून उठून सत्तेवर गेलेला. पुढच्याच महिन्यात निवडणूक झाली, सरकार बदललं आणि २५ फेब्रुवारी २०२५ ला नव्या सरकारने अहवाल मांडायला सुरुवात केली, तीही मद्यधोरणावरच्या अहवालापासून. आधीच्या सरकारला जी गोष्ट वर्षानुवर्षं जमली नाही, ती नव्याने शपथविधीचे हार सुकायच्या आत केली. या तत्परतेचं कौतुक करायला हवं. मात्र तिचं शास्त्रीय मोल मर्यादित आहे. आधीच्या सरकारचे हिशेब मांडायला उशीर करणारं नवं सरकार अजून जन्माला यायचंय.

यावर पहिला आक्षेप असा की सरकारचा पसारा अवाढव्य. हजारो आहरण व संवितरण अधिकारी, लाखो देयकं, वेळ हा लागणारच. आक्षेप अगदीच पोकळ नाही. पण हीच सरकारी यंत्रणा ४ जून २०२४ ला एका दिवसात चौसष्ट कोटी मतं मोजून मोकळी झाली, आणि त्या मोजणीत तर प्रत्येक टेबलाशी हरकत घ्यायला प्रतिस्पर्ध्यांची माणसं टपून बसलेली असतात. केंद्र सरकार आपल्या जमाखर्चाचा मासिक गोषवारा सहसा पुढच्या महिन्याअखेर प्रसिद्ध करतं. भारताने १९९६ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीची आकडेवारी जाहीर करण्याची शिस्त स्वीकारली, तिच्यात अशा तारखा आधीच ठरवून द्याव्या लागतात. म्हणजे वॉशिंग्टनमध्ये कुणीतरी वाट पाहत असेल तर एप्रिलची तूट आपल्याला मेअखेर मोजता येते. वाट पाहणारा नांदेडचा असेल तर पसारा आडवा येतो. अर्थात मासिक गोषवारा म्हणजे ढोबळ, न तपासलेले आकडे, आणि तपासणीला वेळ द्यावाच लागतो, हे मान्य. लेखापरीक्षकाने घाई करावी असं कुणी शहाणा म्हणणार नाही. माझी तक्रार तपासणी संपल्यानंतरच्या उशिराबद्दल आहे. त्या काळात कुणीही काहीही मोजत नसतं. कागद फक्त पडून असतो.

तपासणीसुद्धा मनात आणलं तर किती चपळाईने होते, याचा दाखला मुंबईतच आहे. ऑक्टोबर २०२२ च्या अखेरीस राज्य सरकारने कॅगला मुंबई महापालिकेच्या सुमारे १२,००० कोटींच्या कामांची तपासणी करण्याची विनंती केली. कामं होती नोव्हेंबर २०१९ नंतरची, म्हणजे ज्यांच्याशी सत्ताधाऱ्यांचं नुकतंच फाटलं होतं त्यांच्या काळातली. नोव्हेंबरात पथक महापालिकेत दाखल झालं, आणि २५ मार्च २०२३ ला अहवाल विधानसभेच्या पटलावर होता. सगळं मिळून पाच महिने. ही तपासणी निवडक कामांपुरती होती, त्यामुळे वार्षिक लेख्यांशी तिची बरोबरी करणं पूर्ण न्याय्य होणार नाही. अहवालातले आक्षेप किरकोळ होते असंही मला सुचवायचं नाही. मला कुतूहल आहे ते वेगाचं. कागदपत्रं न मिळणं, बैठका लांबणं, छपाईला विलंब होणं, या वार्षिक अहवालांच्या वाटेत आडव्या झोपलेल्या गाई त्या पाच महिन्यांत कुठे चरायला गेल्या होत्या? सरकारी हिशेबाचा वेग पसाऱ्यावर ठरत नसून हिशेब कुणाचा निघणार आहे यावर ठरतो, असा नियम यातून काढला तर तो दिल्लीलाही लागू पडतो आणि मुंबईलाही.

अहवाल मांडण्याचीही एक कला असते. आपल्या विधिमंडळात कॅगचे अहवाल बहुतेक वेळा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी येतात. त्या दिवशी आमदारांच्या गाड्या खाली पोर्चमध्ये सुरू झालेल्या असतात, अंतिम आठवडा प्रस्तावाची धूळ बसायची असते आणि पत्रकारांना एकाच संध्याकाळी चार-पाच जाड खंड उघडून त्यांतून मथळा शोधायचा असतो. दुसऱ्या दिवशी बातमी येते, तिसऱ्या दिवशी ती शिळी होते, आणि पुढचं अधिवेशन तीन महिन्यांनी. नियमाचा भंग कुठेच झालेला नसतो. अहवाल ठेवला का? ठेवला. चर्चा करायला कुणी अडवलं का? छे. सभागृहच उरलं नव्हतं, त्याला सरकार काय करणार.

मग येते लोकलेखा समिती. ही फार आदरणीय संस्था आहे. ब्रिटनमध्ये ग्लॅडस्टनच्या काळात १८६१ ला ती स्थापन झाली, आपल्याकडे १९२१ ला आली, आणि संसदेत १९६७ पासून तिचं अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा पायंडा आहे. समिती अहवालातले परिच्छेद निवडते, खात्याकडून खुलासा मागवते, सचिवांची साक्ष घेते, शिफारशी करते, शिफारशींवर काय केलं ते विचारते, आणि जे केलं त्यावर समाधान न झाल्यास पुन्हा विचारते. यात कुणी टाळाटाळ करतंय असं नाही, पायऱ्याच तेवढ्या आहेत. साक्षीला येणारे सचिव मात्र सहसा त्या खर्चाच्या वेळी त्या खात्यात नसतात. तेव्हा ते मत्स्यव्यवसाय पाहत असतात किंवा प्रशिक्षणाला मसुरीत असतात. ज्याने उधळलं त्याची बदली झालेली, जो उत्तर देतो त्याचा संबंध नाही, आणि जो विचारतो तो पुढच्या निवडणुकीत पडणार. इतकी निरपेक्ष चौकशी दुसरीकडे कुठे पाहायला मिळत नाही.

आता उशिराचं खरं फळ पाहू. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ मध्ये २७ वा नियम आहे. कर्मचारी निवृत्त झाल्यावर त्याच्याविरुद्ध विभागीय चौकशी सुरू करायची तर ती चार वर्षांपेक्षा जुन्या घटनेबद्दल करता येत नाही. केंद्राच्या नियमांतही अशीच तरतूद राहिली आहे. नियम दयाळू आहे आणि असावाच. सत्तरीतल्या माणसाला पंचवीस वर्षांपूर्वीच्या पावतीवरून छळू नये. पण हा नियम आणि वर सांगितलेला प्रवास शेजारीशेजारी ठेवून पाहा. खर्च एका वर्षी, लेखे त्यानंतर, लेखापरीक्षण आणखी पुढे, पटल सरकारच्या सवडीने, समिती त्याहून पुढे. चार वर्षं वाटेतच कुठेतरी ओलांडली जातात. म्हणजे हिशेब पोचतो तेव्हा चूक सिद्ध करता येते, वसुली करता येत नाही. निवृत्तीला टेकलेल्या अधिकाऱ्याच्या दृष्टीने याहून सुरक्षित गुंतवणूक बाजारात नाही, आणि तिच्यावर करही लागत नाही. उशीर हा यंत्रणेतला बिघाड आहे असं मानणाऱ्यांनी एकदा या दोन तरतुदी एकत्र वाचाव्यात. बिघाड इतका बेतशुद्ध नसतो.

यावर दुसरा आक्षेप असा येतो की उशीर म्हणजे काही भ्रष्टाचार नव्हे. हा आक्षेप बिहारच्या निमित्ताने मोठ्या प्रमाणात तपासता येतो. जुलै २०२५ मध्ये तिथे मांडल्या गेलेल्या कॅगच्या अहवालानुसार ३१ मार्च २०२४ रोजी ४९,६४९ उपयोगिता प्रमाणपत्रं बाकी होती आणि त्यांच्यामागची रक्कम होती ७०,८७७ कोटी रुपये. त्यातले चौदा हजार कोटींहून अधिक २०१६-१७ पर्यंतचे. उपयोगिता प्रमाणपत्र म्हणजे ‘दिलेले पैसे दिलेल्या कामावरच खर्च केले’ एवढं लिहून देण्याचा कागद. यावर बचाव असा, की पैसे गेले असं अहवाल म्हणत नाही, कागद आले नाहीत एवढंच म्हणतो. बचाव अक्षरशः खरा आहे. सत्तर हजार कोटींचे पूल, शाळा आणि गटारं बिहारमध्ये कुठेतरी उभी असतील आणि फक्त त्यांचा कागद वाट चुकला असेल, हे शक्य आहे. अडचण एवढीच की कागद नसताना ती उभी नसण्याचीही तेवढीच शक्यता उरते, आणि आठ वर्षांनंतर या दोन शक्यतांत निवाडा करायला जावं तर पूल वाहून गेला असंही उत्तर मिळू शकतं. उशीर भ्रष्टाचार सिद्ध करत नाही, हे अगदी मान्य. तो प्रामाणिकपणाही सिद्ध होऊ देत नाही. ज्या तालुक्याच्या अभियंत्याने काम चोख केलं, त्याचंही नाव त्या ७०,८७७ कोटींतच पडून आहे.

तिसरा आक्षेप विचारवंतांचा असतो. हे जाडजूड अहवाल वाचतं कोण, असं ते विचारतात. पटलावर वेळेत आले काय नि उशिरा आले काय, जनतेला रस नाही. महाराष्ट्रापुरतं याचं उत्तर एका दशांश चिन्हाने दिलेलं आहे. २०११-१२ च्या आर्थिक पाहणीत राज्यातल्या पिकांखालच्या क्षेत्रापैकी भिजणाऱ्या क्षेत्राचं प्रमाण दशकभरात १७.८ टक्क्यांवरून १७.९ टक्क्यांवर गेल्याचं छापून आलं. त्याच दशकात सिंचनावर सुमारे ७०,००० कोटी खर्च झाल्याची चर्चा होती. सिंचनक्षमता वेगळी आणि प्रत्यक्ष भिजलेली जमीन वेगळी, असा युक्तिवाद झाला, सप्टेंबर २०१२ मध्ये उपमुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला, श्वेतपत्रिका निघाली आणि डिसेंबरात ते परतही आले. राजकारण बाजूला ठेवू. अर्थशास्त्राची पदवी नसलेल्या लाखो लोकांना तो ०.१ चा फरक एका वाचनात समजला होता, हे महत्त्वाचं. प्रशासनानेही त्यातून बोध घेतला. पुढच्या पाहण्यांत बरीच वर्षं त्या प्रमाणाच्या रकान्यात ‘उपलब्ध नाही’ असं छापलं जात होतं. ज्या आकड्यात कुणालाच रस नाही तो लपवायचे कष्ट कुणी घेत नाही. वाचक नसल्याचा पुरावा म्हणून दाखवायला तो रकाना फारच वाईट आहे.

आणखी एक सांत्वन असतं : परदेशातही हेच. हे खरंही आहे. इंग्लंडमधल्या स्थानिक संस्थांच्या रखडलेल्या लेखापरीक्षणांची संख्या सप्टेंबर २०२३ मध्ये ९१८ वर गेली होती. अमेरिकेचं संरक्षण खातं २०१८ पासून दरवर्षी लेखापरीक्षेला बसतं आणि दरवर्षी नापास होतं. पण पुढचा भागही सांगायला हवा. इंग्लंडने कायद्याने १३ डिसेंबर २०२४ ही तारीख ठरवली आणि तोवरचे जुने लेखे, तपासून झालेले असोत वा नसोत, लोकांपुढे ठेवायला लावले. ज्यांची तपासणी झाली नाही त्यांच्यावर लेखापरीक्षकाने ‘मला मत देता येत नाही’ असं लिहिलं, आणि तेही प्रसिद्ध झालं. पेंटागॉन नापास होतं, पण निकाल दरवर्षी लागतो. नापास होणाऱ्याबद्दल आपल्याला पुष्कळ सहानुभूती असते. प्रगतिपुस्तकच घरी न आणणाऱ्या मुलाची गोष्ट निराळी, आणि आपली तुलना त्याच्याशी व्हायला हवी.

गंमत अशी की ही फट बुजवायची युक्ती आपल्या घटनेपेक्षा जुनी आहे. ज्या ब्रिटिश कायद्याने नियंत्रक आणि महालेखापरीक्षक हे पद जन्माला घातलं, त्या १८६६ च्या कायद्यातच असं कलम होतं की अर्थखात्याने अहवाल ठरल्या मुदतीत कॉमन्ससभेपुढे ठेवला नाही, तर महालेखापरीक्षकाने तो स्वतःच तत्काळ ठेवावा. संस्था आपण उचलली, पदनाम उचललं, शिक्का उचलला, एवढं एक कलम जहाजात चढवायचं राहिलं. आपल्याला अशी सोय अपरिचित आहे असंही नाही. बिल्डर इमारतीची जमीन सोसायटीच्या नावावर करत नाही म्हटल्यावर महाराष्ट्राने मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद केलीच ना? बिल्डरने सही केली नाही तरी केली असं मानायचं. त्याच धर्तीवर, अहवाल राज्यपालांकडे पोचून साठ दिवस झाले की तो पटलावर ठेवला गेला असं मानावं आणि कॅगने तो थेट प्रसिद्ध करावा. सभागृहाचा यात अवमान होतो असं म्हणणाऱ्यांनी, सभागृहाच्या नावाने आलेलं टपाल कपाटात दाबून ठेवण्याने सभागृहाचा कोणता सन्मान होतो, तेही सांगावं.

घटनादुरुस्ती म्हणजे डोंगर उचलण्याचं काम, ही शेवटची हरकत. २०११ च्या सत्त्याण्णवाव्या दुरुस्तीने संसदेने सहकारी संस्थांसाठी घटनेत एक आख्खा भाग घातला. त्यात प्रत्येक सहकारी संस्थेचे हिशेब आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत तपासून झालेच पाहिजेत आणि वार्षिक सभाही तेवढ्याच मुदतीत झाली पाहिजे, असं लिहिलं. म्हणजे बत्तीस बिऱ्हाडांच्या गृहनिर्माण संस्थेच्या पाण्याच्या टाकीच्या खर्चाला खुद्द राज्यघटनेने मुदत घालून दिली, आणि त्याच घटनेतला राज्याच्या तिजोरीचा अनुच्छेद होता तसाच मोकळा राहिला. महाराष्ट्राच्या सहकार कायद्याप्रमाणे तर सभा ३० सप्टेंबरच्या आत न घेणाऱ्या समिती सदस्याला निबंधक निवडणुकीला अपात्र ठरवू शकतो. हा नियम मंत्रिमंडळाला लावला तर ऑक्टोबरात मंत्रालयात शिपायांखेरीज कुणी सापडायचं नाही. पुढे जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या दुरुस्तीचा राज्यांतल्या सहकारी संस्थांपुरता भाग रद्द केला, कारण निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमती घ्यायची राहून गेली होती. ज्या अनुच्छेदांना हात लावण्यासाठी अशी संमती लागते त्यांची यादी अनुच्छेद ३६८ मध्ये दिलेली आहे. त्या यादीत १५१ नाही. त्याला संसदेच्या दोन्ही सभागृहांतलं विशेष बहुमत पुरतं, राज्यांना विचारावंही लागत नाही.